मुलांना बायबलातल्या गोष्टी कशा सांगाव्यात?

आजी आणि नातू

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आजी येत असत. वय साठीच्या पुढे. डोळ्यांवर जाड चष्मा. लोक त्यांना विचारीत, "आजी, आता या वयात शिकून काय करणार?" आजी म्हणत, "मला माझं पुस्तक वाचायचंय. आजवर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. आता माझ्या डोळ्यांनी वाचीन." त्यांचे पुस्तक म्हणजे बायबल.

एका पावसाळ्यात आजी चार दिवस वर्गाला आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या, त्या हसतच आल्या. त्यांनी आम्हाला घरची हकिकत सांगितली.

त्यांचा नातू आठ वर्षांचा. रात्री पाऊस सुरू झाला की तो रडायला लागे. एका रात्री आजींनी त्याला जवळ घेतले आणि विचारले,

"का रे बाळा, काय झालं?"

"आजी, आपलं घर बुडणार का गं?"

"घर कशाला बुडेल? आपण तर टेकाडावर राहतो."

"मी परवा खोटं बोललो. देव खोटं बोलणाऱ्यांना बुडवतो. नोहाच्या गोष्टीत तसंच झालं."

कोणीतरी त्याला नोहाची गोष्ट सांगितली होती. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पोराने खरे बोलावे, एवढेच त्याला वाटले असेल. पण त्याने पाऊस सांगितला, पूर सांगितला, माणसे बुडाली ते सांगितले आणि वर म्हटले, "खोटं बोललास तर तुझंही असंच होईल." तेथेच गोष्ट संपवली.

आजींनी दिवा मोठा केला. उत्पत्तीचे पुस्तक उघडले. नोहाची गोष्ट सहाव्या अध्यायापासून नवव्या अध्यायापर्यंत आहे. आजी अक्षराखाली बोट धरून वाचणार. एका रात्री एकच अध्याय व्हायचा. नातू शेजारी बसून ऐकायचा. पहिल्या रात्री तारू बांधून झाले. दुसऱ्या रात्री पाऊस आला. तिसऱ्या रात्री कबुतर चोचीत जैतुनाचे हिरवे पान घेऊन परत आले. चौथ्या रात्री आभाळात धनुष्य निघाले आणि देवाने वचन दिले की, पुन्हा असा पूर आणून सारी सृष्टी बुडवणार नाही.

नातू म्हणाला, "हे तर मला कुणी सांगितलंच नव्हतं!"

आजी आम्हाला म्हणाल्या, "बघा, पोराला अर्धीच गोष्ट दिली होती. अर्धी भाकरी दिली तर पोट अर्धं भरतं. अर्धी गोष्ट दिली तर पोर भितं."

हा लेख त्या आजींच्या बोलण्यावरून सुचला. गोष्ट पुरी सांगावी, खरी सांगावी, आणि पोराला धाक घालण्यासाठी सांगू नये, हे त्यातले मुख्य सूत्र. ते कसे साधावे ते आता पाहू.

हे काम आपल्याला जमेल का?

पुष्कळ आया म्हणतात, "आम्ही कालपरवा वाचायला शिकलो. गोष्टी सांगणं हे शिकलेल्यांचं काम." तसे नाही. गोष्ट सांगण्याची कला आपल्याकडे अक्षरओळखीपेक्षा जुनी आहे. जात्यावरची ओवी कोणत्या शाळेत शिकवली होती?

आपल्या भाषेत बायबलातल्या गोष्टी आल्या, त्यादेखील ओवीतूनच आल्या. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. ते इथली भाषा शिकले. त्यांनी बायबलाची कथा मराठी ओव्यांत रचली. त्या ग्रंथाचे नाव 'क्रिस्तपुराण'. तो १६१६ साली राशोल येथे छापला गेला. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. परदेशी माणसाने आपला पुराण सांगण्याचा ढंग उचलला, कारण लोकांच्या कानांना तो ओळखीचा होता.

पुढे अहमदनगर भागात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली. टाळ, मृदंग, अभंग सारे आपलेच, आख्यान मात्र बायबलातले. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनीही एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तने रचली. हे लोक धर्माने यहुदी. बायबलाचा जो भाग ख्रिस्ती लोक 'जुना करार' म्हणतात, ते मुळात यहुदी लोकांचे धर्मग्रंथ. म्हणून मोशे, योसेफ, दावीद यांच्या गोष्टी दोन्ही घरांत सांगतात.

पंडिता रमाबाईंचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांनी पुण्याजवळ केडगाव येथे निराधार बायकामुलींना आसरा दिला. रमाबाईंना वाटे की खेड्यातल्या बाईलाही वाचून कळेल असे बायबल असावे. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या आणि सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. त्या कामात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घातली. त्या १९२२ साली वारल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. एवढ्या मोठ्या पंडितेने आपल्यासारख्यांसाठी सोपे शब्द शोधले. मग आपण आपल्या पोरांसाठी ते का शोधू नयेत?

आधी आपण वाचावे

बायबल हे एक पुस्तक नाही, पुष्कळ पुस्तकांची गाठोडी आहे. प्रॉटेस्टंट लोकांच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक लोकांच्या बायबलात ७३. पहिल्या पानापासून सुरुवात करून मुलांना सगळे सांगत जाऊ, असे म्हणाल तर दमून जाल. एक गोष्ट निवडा. लहान निवडा.

ती तीनदा वाचा. पहिल्यांदा वाचताना नुसते काय घडले ते पाहा. दुसऱ्यांदा वाचताना माणसे मोजा. कोण बोलले, कोण गप्प राहिले, ते ध्यानात घ्या. तिसऱ्यांदा वाचताना वस्तू पाहा. हरवलेल्या नाण्याची गोष्ट लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे. एका बाईजवळ दहा नाणी असतात. त्यांतले एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत शोधते. सापडल्यावर शेजारणींना बोलावते. सारी गोष्ट दोन-तीन ओळींची. पण त्यात दिवा आहे, केरसुणी आहे, शेजारणी आहेत. या तीन वस्तू मनात धरल्या की गोष्ट विसरत नाही.

मग पुस्तक मिटून ठेवा आणि तोंडाने सांगा. वाचून दाखवताना आपले डोळे पानावर असतात. सांगताना ते पोराच्या तोंडावर असतात. पोर कंटाळले, घाबरले, की हसले, ते आपल्याला लगेच दिसते. अडखळलात तर लाजू नका. पुस्तक उघडून पाहा. आई पुस्तक उघडून बघते, हेही मुलाने पाहायला हवे.

हाताने मोजावे

मुलाला नुसता 'मोठा' हा शब्द सांगून काही कळत नाही. किती मोठा, ते दाखवावे लागते. इथे आपली फार सोय आहे. बायबलातली जुनी मापे हात आणि वीत अशीच आहेत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. म्हणजे अदमासे दीड फूट.

नोहाचे तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद आणि ३० हात उंच होते. ३०० हात म्हणजे सुमारे साडेचारशे फूट. मोठ्या माणसाच्या दीडशे ढांगा. मुलांना रस्त्यावर न्या. एका झाडापासून मोजायला लागा. मुले मोठ्याने ढांगा मोजतील. दीडशेव्या ढांगेला थांबा आणि मागे वळून बघा. "एवढं लांब तारू!" असे तुम्हाला म्हणावेच लागणार नाही. मुलेच म्हणतील.

गल्याथ हा पलिष्टी लोकांचा योद्धा. त्याची उंची पुस्तकात सहा हात आणि एक वीत सांगितली आहे. म्हणजे पावणेदहा फुटांच्या आसपास. घराच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढा. रेघ आढ्याजवळ जाईल. मग तिच्याशेजारी पोराला उभे करा आणि त्याच्या उंचीची रेघ ओढा. दावीद आपल्या आठ भावांत धाकटा होता, हे त्या वेळी सांगा. दोन रेघांकडे पाहूनच पोराला लढाईची कल्पना येते.

आपल्या शेतातले शब्द

बायबलातली पुष्कळ माणसे शेतकरी, मेंढपाळ, कोळी अशीच होती. त्यांच्या कामाला आपल्याकडे चांगले शब्द आहेत. ते वापरावेत. पुस्तकी शब्दांनी गोष्ट दूर जाते.

रूथची गोष्ट घ्या. रूथ तरुणपणीच विधवा झाली. ती मवाब देशातली. सासूबरोबर ती परक्या गावी, बेथलेहेमला आली. घरात खायला नाही. तेव्हा ती सातूच्या कापणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला गेली. सरवा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेतमजुराच्या पोराला सांगावे लागत नाही. कापणी करणाऱ्यांच्या मागे राहिलेली कणसे गोळा करायची. गोरगरिबांसाठी शेताच्या कडा कापू नयेत, सरवा वेचू द्यावा, असा इस्राएल लोकांत नियमच होता. शेताचा मालक बवाज. त्याने गड्यांना सांगितले, "पेंढ्यांतून थोडी कणसे मुद्दाम तिच्यासाठी खाली टाका. तिला रागावू नका." हे ऐकून आपल्या पोराला बवाज कसा माणूस होता ते कळते. 'तो दयाळू होता' असे वेगळे सांगायची गरज उरत नाही.

दावीदाच्या हातात गोफण होती. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकणाऱ्या आपल्या माणसांना गोफण ठाऊक आहे. पोराला ती दाखवा. रिकामी फिरवून दाखवा, दगड घालून नको. शौल राजाने दावीदाला आपले चिलखत दिले. ते त्याला पेलवेना. त्याने ते उतरवले. ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे वेचले. त्यांतला एकच पुरला. दावीद हा मेंढरे राखणारा पोर होता, आणि त्याला जे रोजचे काम येत होते त्यानेच तो लढला. हे गोफण पाहिलेल्या मुलाच्या चटकन ध्यानात येते.

कधी कधी तिकडची रीत आपल्याहून वेगळी असते. ती मात्र उलगडून सांगावी. पेरणाऱ्याच्या गोष्टीत काही बी वाटेवर पडते, काही खडकाळ जमिनीत, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत. शेतकऱ्याचे पोर विचारील, "हा कसला पेरणारा? वाटेवर कशाला पेरतो?" बरोबर आहे त्याचे. आपल्याकडे पाभरीने किंवा तिफणीने पेरतात. बी नळीतून नेमके तासात पडते. तिकडे हाताने फोकून पेरत. मूठभर बी फेकले की थोडे इकडे तिकडे जाणारच. एवढे सांगितले की गोष्ट सरळ होते. मूठभर धान्य घेऊन अंगणात फोकून दाखवलेत तर आणखी बरे. चिमण्या येऊन टिपतील. वाटेवरच्या बियांचेही तसेच झाले होते.

नसलेले घालू नये

गोष्ट रंगवावी, पण ती बदलू नये. योनाला माशाने गिळले. पुस्तकात 'मोठा मासा' एवढेच आहे. कोणता मासा ते लिहिलेले नाही. एदेन बागेतल्या झाडाच्या फळाचे नाव पुस्तकात नाही. चित्रांत सफरचंद काढतात, म्हणून आपण सफरचंद म्हणतो. येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडून मागी लोक आले. ते तीन होते असे मत्तयाने म्हटलेले नाही. भेटी तीन होत्या. सोने, ऊद आणि गंधरस. त्यावरून लोकांनी माणसेही तीन धरली.

तुम्ही म्हणाल, एवढ्या बारीक गोष्टींनी काय बिघडते? बिघडते असे की, मूल मोठे होऊन स्वतः वाचील. आईने सांगितलेले पुस्तकात नाही, असे दोनदा-तीनदा दिसले की त्याचा आईवरचा विश्वास हलतो.

मग आपल्या मनाचे काहीच घालू नये का? घालावे, पण सांगून घालावे. "दावीदाच्या हाताला घाम आला असेल, नाही?" असे म्हणावे. 'असेल' हा शब्द लहान आहे, पण प्रामाणिक आहे. पुस्तकातले कोणते आणि आईला वाटले ते कोणते, हे मुलाला त्यावरून कळते.

मूल विचारते, "हे खरंच घडलं का?" याचे उत्तर सरळ द्यावे. धाकट्या मुलाची गोष्ट, पेरणाऱ्याची गोष्ट, हरवलेल्या मेंढराची गोष्ट हे येशूने सांगितलेले दृष्टांत आहेत. लोकांना समजावे म्हणून त्याने त्या सांगितल्या. दुसऱ्या काही गोष्टींबद्दल श्रद्धावंतांतही दोन मते आहेत. आपले मत सांगावे, दुसऱ्याचे मत वेगळे असते तेही सांगावे. आणि ठाऊक नसेल तर म्हणावे, "मला ठाऊक नाही. आपण वाचून बघू." याने आईची पत कमी होत नाही.

धाक घालू नये

आता आजींच्या नातवाकडे परत येऊ. बायबलात भीतीच्या गोष्टी आहेत. पूर आहे, लढाया आहेत, भाऊ भावाला विकतात. योसेफ सतरा वर्षांचा होता. भावांनी त्याला कोरड्या खड्ड्यात टाकले आणि मग वीस रुपये, म्हणजे चांदीची वीस नाणी, घेऊन व्यापाऱ्यांना विकले. हे सारे लपवायचे का? लपवू नये. घरातली भांडणे मुले पाहतातच. गोष्टीत वाईट काहीच घडले नाही, तर त्यांना ती खोटी वाटेल.

पण तीन पथ्ये पाळावीत.

पहिले पथ्य. पोराच्या चुकीला गोष्ट जोडू नये. त्याने साखर चोरून खाल्ली त्याच दिवशी पापाची शिक्षा सांगणारी गोष्ट काढू नये. गोष्ट म्हणजे छडी नव्हे. छडी झाली की पोर तिच्यापासून पळते, आणि मग ते देवापासूनही पळते.

दुसरे पथ्य. लहान मुलांना झोपण्याआधी भीतीच्या जागी थांबवू नये. योसेफाची गोष्ट लांब आहे. ती चार-पाच रात्री पुरते. पण पहिल्या रात्री त्याला खड्ड्यात ठेवून दिवा मालवू नका. पुढे तो मिसर देशात मोठा अधिकारी होतो, दुष्काळात भावांना धान्य देतो आणि त्यांच्या गळ्यात पडून रडतो. "योसेफ वाचला. कसा वाचला ते उद्या सांगते," एवढे सांगून थांबा. उत्सुकता राहते, भीती राहत नाही.

तिसरे पथ्य. अवघड प्रश्न आला तर दडपू नये. "पुरात लहान मुलंपण बुडाली का?" असे मूल विचारील. "गप्प बस, असं विचारू नये," असे म्हणू नका. "हा प्रश्न मोठ्या माणसांनाही पडतो. मलाही वाईट वाटतं," असे म्हणा. ते खरे आहे. मुलाला त्या वेळी उत्तरापेक्षा सोबत हवी असते.

मुलांना काम द्यावे

मूल नुसते कानाने ऐकत नाही. त्याच्या हातापायांनाही काम लागते. दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लहान मूल गप्प बसत नाही. त्याला दटावून बसवण्यापेक्षा गोष्टीत घ्यावे.

पावसाचा आवाज मुलांकडून काढून घ्या. एका बोटाने तळहातावर टकटक करायची. मग दोन बोटांनी, मग चार बोटांनी, मग मांडीवर थापट्या. झाला मुसळधार पाऊस. मग उलटे यायचे, चार बोटे, दोन बोटे, एक बोट. पाऊस थांबला. घरात शांतता होते. त्या शांततेत कबुतर सोडावे.

हरवलेले मेंढरू शोधायचे असेल तर शंभर चिंचोके मोजून ठेवा. पोर डोळे मिटेल, तेव्हा एक लपवा. त्याला पुन्हा मोजू द्या. नव्याण्णव भरले की ते आपोआप शोधायला उठते. मेंढपाळ नव्याण्णव सोडून एकासाठी का गेला, हे त्याला शोधता शोधता कळते. चिंचोका सापडल्यावर त्याला होणारा आनंद, तोच त्या गोष्टीचा अर्थ.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मुलांनी करून दाखवावी. यरुशलेमाहून यरीहोला जाणारी उताराची वाट. चोरांनी एका माणसाला मारून टाकून दिले आहे. एक याजक येतो, बघतो आणि बाजूने निघून जातो. दुसरा लेवी येतो, तोही तसाच जातो. तिसरा शोमरोनी. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो आणि पदरचे पैसे देतो. प्रत्येक मुलाला एकदा तरी जखमी माणूस होऊ द्या. खाली पडून वर पाहिले की जाणाऱ्यांचे पाय दिसतात.

इथे एक गोष्ट सांगायला विसरू नये. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात जुने वैर होते. ते एकमेकांशी व्यवहार ठेवीत नसत. म्हणजे मदत केली ती परक्याने, ज्याला हलका मानत त्याने. आपल्या गावातही ज्यांच्या हातचे पाणी लोक पीत नसत अशी माणसे होती. अजूनही काही ठिकाणी मनात ती रेघ आहे. हे सांगितले नाही तर गोष्ट नुसती 'मदत करावी' एवढीच राहते. सांगितले तर ती आपल्या दारात येऊन उभी राहते. तसेच आपल्या गोष्टी सांगताना दुसऱ्याच्या धर्माला नावे ठेवू नयेत. ज्या गोष्टीत परका माणूस थोर ठरतो, ती सांगून परक्याला हिणवणे शोभत नाही.

तात्पर्य कोणी सांगावे?

गोष्ट संपली की आपण लगेच म्हणतो, "तर मुलांनो, यावरून काय शिकलो?" मुले ठरलेले उत्तर देतात, "खरे बोलावे, आज्ञा पाळावी." त्यांना ठाऊक असते की मोठ्यांना हेच हवे आहे.

बायबलातल्या काही गोष्टी शेवटी प्रश्नच ठेवतात. धाकटा मुलगा पैसे उधळून घरी येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि मेजवानी देतो. थोरला मुलगा रागावून बाहेर उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. तेथे गोष्ट संपते. थोरला आत गेला की नाही, ते सांगितलेलेच नाही. योनाचेही तसेच. निनवे शहर वाचले म्हणून योना रुसला. तेव्हा देव त्याला विचारतो, ज्या शहरात उजवाडावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसे आहेत, शिवाय पुष्कळ गुरेढोरे आहेत, त्याची मी कीव करू नये काय? योनाचे उत्तर पुस्तकात नाही.

म्हणून आपणही एकच प्रश्न विचारावा आणि थांबावे. "थोरला घरात गेला असेल का रे?" एक मूल म्हणेल गेला, दुसरे म्हणेल नाही. ज्याचे धाकट्या भावाशी सकाळीच भांडण झाले असेल, ते जरा वेळाने बोलेल. त्याला घाई करू नका. तात्पर्य त्याच्या तोंडून आले तर ते त्याचे झाले.

वाचनाचा आणि गोष्टीचा जुना संबंध

इंग्लंडात ग्लॉस्टर शहरी रॉबर्ट रेक्स नावाचा छापखानेवाला होता. त्याने १७८० साली गरीब मुलांसाठी रविवारची शाळा काढली. ही मुले आठवडाभर कामावर जात. रविवार तेवढा मोकळा. त्या दिवशी त्यांना वाचायला शिकवीत, आणि वाचायचे पुस्तक म्हणजे बायबल. आज रविवारच्या शाळा जगभर आहेत. त्यांची सुरुवात अशी अक्षरे शिकवण्यापासून झाली. गोष्टीच्या ओढीने मूल अक्षराकडे येते. आपल्या आजी तर साठीत आल्या.

त्यांचा नातू आता पावसाला भीत नाही. त्या वर्षी पाऊस उघडला तेव्हा त्याने आजींना हात धरून रस्त्यावर नेले. गावच्या वडापासून त्याने ढांगा मोजायला सुरुवात केली. त्याच्या ढांगा लहान, म्हणून आकडा फार पुढे गेला. तो मधेच चुकला. पुन्हा वडापाशी आला. पुन्हा मोजू लागला. आजी पारावर बसून होत्या.

"आजी, तू पण ये की! तुझे हात लावून मोज."

आजी उठल्या. दोघांनी मिळून तारू मोजले.

लक्षात ठेवा

१. गोष्ट आधी स्वतः तीनदा वाचा. मग पुस्तक मिटून सांगा.

२. हात, वीत, ढांगा यांनी मोजून दाखवा. आपल्या घरचे, शेतातले शब्द वापरा.

३. पुस्तकात नाही ते घालायचे तर 'असेल' म्हणून घाला.

४. गोष्टीने धाक घालू नका. गोष्ट अर्धी सोडू नका.

५. मुलांना हातापायांचे काम द्या.

६. शेवटी एकच प्रश्न विचारा आणि मुलाला बोलू द्या.

करून पाहा

लूकचा पंधरावा अध्याय उघडा. हरवलेल्या नाण्याची गोष्ट तीनदा वाचा. आज रात्री ती आपल्या किंवा शेजारच्या मुलांना सांगा. उद्या वर्गात येऊन सांगा, मुलांनी तुम्हाला कोणता प्रश्न विचारला?